पिनकोडाची बेरीज कोण करतो?

श्रीराम भिकाजी वेलणकर हे नाव संस्कृत काव्याच्या मोजक्या रसिकांपलीकडे आज फारसे कोणाच्या स्मरणात नसले, तरी डाक व तार मंडळाचे वरिष्ठ सदस्य असताना त्यांनी आखलेली सहा आकड्यांची पद्धती या देशातल्या प्रत्येक लखोट्यावर, प्रत्येक पार्सलावर आणि प्रत्येक सरकारी अर्जाच्या एका ठरावीक चौकटीत नित्य उमटत असते. 15 ऑगस्ट 1972 रोजी पिनकोड अमलात आला. त्यातला पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपालाच्या छाननीच्या जिल्ह्याचा आणि उरलेले तीन प्रत्यक्ष टपाल कचेरीचे, अशी ही उतरंड आहे. 5 म्हणजे दक्षिणेचा एक मोठा पट्टा, 56 म्हणजे त्यातला म्हैसूर राज्याचा (कर्नाटक हे नाव त्या राज्याला पुढच्या वर्षी मिळाले) एक भाग, आणि 560 म्हणजे बंगळूर. 560001 हे इथल्या मुख्य टपाल कचेरीचे, तर 560004 हे बसवनगुडीचे. या दोहोंची सरासरी काढली तर 560002.5 येते, आणि ती कोणत्या कचेरीची, हे कोणताही पोस्टमन सांगू शकणार नाही. पिनकोड दिसतो संख्येसारखा, पण तो आहे पत्त्याचा तुकडा. एका संस्कृत कवीने रचलेले ते सहा आकडी सूत्र आहे, राशी नव्हे.

हे सांगण्यास निमित्त असे की, ज्या शहराने गेल्या चार दशकांत संगणकावरच आपली कीर्ती उभारली, त्या बंगळुरात आजही कचेऱ्यांचा फार मोठा व्यवहार एक्सेलच्या शीटवर चालतो. जगप्रसिद्ध कंपन्यांच्या काचेच्या इमारतींत काय लिहिले जाते ते निराळे. परंतु चामराजपेठेतल्या घाऊक व्यापाऱ्याचा हिशेबनीस, जयनगरातल्या गृहसंस्थेचा चिटणीस, खाजगी रुग्णालयाच्या बिल विभागातला कारकून, या साऱ्यांचे दफ्तर एक्सेलमध्येच असते, आणि तेच ते काम दरमहा हाताने करून कंटाळलेला त्यांच्यातला एखादा चौकस मनुष्य एके दिवशी मॅक्रो लिहावयास बसतो. मॅक्रो म्हणजे एक्सेलला लिहून दिलेला हुकूमनामा: अमुक ओळीपासून तमुक ओळीपर्यंत जा, प्रत्येक ओळीतले आकडे वाच, त्यांचे अमुक कर आणि उत्तर शेजारच्या रकान्यात मांड. तो ज्या भाषेत लिहिला जातो तिला व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स, किंवा थोडक्यात व्हीबीए, म्हणतात. हा हुकूम बजावताना एक्सेलला वाचलेल्या गोष्टी क्षणभर कोठेतरी ठेवाव्या लागतात. त्या ठेवण्याच्या जागेस व्हेरिएबल म्हणावे, आणि त्या जागेत काय मावेल व त्याचे पुढे काय करता येईल हे ज्यावरून ठरते तो तिचा डेटा टाइप. वाण्याच्या दुकानात तेलाचे माप निराळे, धान्याचे निराळे आणि कापडाचा गज निराळा असतो, आणि त्यांतला फरक केवळ लहानमोठेपणाचा नसतो, तसेच हे आहे.

आता आपल्या चौकस कारकुनाने ग्राहकांच्या यादीतला पिनकोड वाचण्यासाठी पहिलीच ओळ लिहिली, ‘डिम पिन ॲज इंटिजर’, म्हणजे ‘पिन’ नावाची जागा राखून ठेव आणि तीत पूर्णांक ठेवण्याची तजवीज कर. पिनकोड पूर्णांकच आहे, तेव्हा ही ओळ वाचताना कोणासही वावगे वाटू नये. मॅक्रो चालवताक्षणी मात्र तो पहिल्याच ग्राहकापाशी अडतो आणि पडद्यावर ‘रन-टाइम एरर 6: ओव्हरफ्लो’ अशी सूचना झळकते. कारण व्हीबीएमधला इंटिजर -32,768 ते 32,767 एवढ्याच मर्यादेत हिंडू शकतो, आणि भारतातला पहिला पिनकोड, म्हणजे दिल्लीचा, 110001 पासून सुरू होतो. तात्पर्य, या देशातला एकही पिनकोड इंटिजरमध्ये मावत नाही.

32,767 हा आकडा कोणाच्या लहरीने ठरलेला नाही. संगणक सर्व काही शून्य आणि एक यांत लिहितो. इंटिजरला अशी सोळा घरे दिलेली असतात, सोळा घरांत 65,536 निरनिराळे आकडे लिहिता येतात, आणि त्यांतले निम्मे ऋण संख्यांना वाटून दिले की वरची मर्यादा 32,767 उरते. ज्या काळी संगणकाची स्मृती अतिशय तुटपुंजी होती त्या काळी ही काटकसर शहाणपणाचीच होती. परंतु आमच्या कारकुनाच्या हातात हा प्रकार आजही का पडावा, याचे उत्तर मला एक्सेलच्या इतिहासात सापडते, आणि ते बहुतेक पाठ्यपुस्तके सांगत नाहीत. व्हीबीए ही भाषा एक्सेलमध्ये 1993 मध्ये, पाचव्या आवृत्तीबरोबर आली. त्या एक्सेलच्या शीटला ओळी होत्या 16,384. तेव्हा ओळी मोजण्यासाठी इंटिजर वापरणाऱ्याला कसलीही धास्ती नव्हती. शीटची अखेरची ओळ गाठूनही निम्मी जागा शिल्लक उरे. 1997च्या आवृत्तीत ओळी 65,536 झाल्या आणि इंटिजर अर्ध्या वाटेत थकू लागला. 2007च्या आवृत्तीत त्या 10,48,576 झाल्या. शीट चौसष्टपट वाढली, पण पुस्तकी उदाहरणांतली ‘डिम आर ॲज इंटिजर’ ही ओळ गुरूकडून शिष्याकडे आणि एका फायलीतून दुसऱ्या फायलीत नकलून जशीच्या तशी चालत राहिली. अशा मॅक्रोचा सर्वांत वाईट गुण असा की तो वर्षानुवर्षे बिनचूक चालतो. व्यापार बेताचा असतो, ओळी वीस-पंचवीस हजारांच्या आत असतात, लिहिणारा मनुष्य दुसऱ्या नोकरीवर निघून जातो, आणि मग एका वर्षी मार्चअखेरच्या धामधुमीत 32,768वी ओळ येते.

सोळा घरांनी केलेले घात याहून मोठेही आहेत. 4 जून 1996 रोजी युरोपचा नवा एरियान-5 अग्निबाण आपल्या पहिल्याच उड्डाणात, सुमारे चाळीस सेकंदांत, चार वैज्ञानिक उपग्रहांसह नष्ट झाला. जुन्या एरियान-4 मधून जसाच्या तसा उचललेला प्रोग्रॅमचा एक भाग आडव्या वेगाशी निगडित असलेली चौसष्ट घरांची दशांश संख्या सोळा घरांच्या पूर्णांकात बसवू पाहत होता. जुने बाण इतके वेगवान नसल्यामुळे ती तेथे बसत असे, नव्या बाणाची बसली नाही, आणि दिशा सांगणारी यंत्रणाच बंद पडली. ज्या गणिताने हा घोटाळा केला त्याची उड्डाणानंतर गरजही नव्हती, हा त्यातला आणखी एक विषाद. पुढे हाच एरियान-5 इतका भरवशाचा ठरला की, बंगळुरास मुख्यालय असलेल्या इस्रोने आपला 5,854 किलोंचा जीसॅट-11 उपग्रह डिसेंबर 2018 मध्ये त्याच्याच स्वाधीन केला. इंग्लंडात 2020च्या शरदात करोनाच्या 15,841 बाधितांच्या नोंदी काही दिवस गणनेतून गळाल्या, त्या एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फायलीत 65,536 ओळींपुढे जागा नसल्यामुळे. तो दोष व्हेरिएबलचा नव्हे, फायलीचा, पण मूळ तेच सोळा घरांचे.

यास्तव पूर्णांक ठेवावयाचा असेल तर इंटिजर विसरून जावे आणि लाँग लिहावे, हे आता जाणकारांत निर्विवाद झाले आहे. लाँगला बत्तीस घरे असतात आणि तो 2,14,74,83,647 पर्यंत, म्हणजे दोनशे चौदा कोटींच्या वर, जातो. इंटिजरने वाचणारी सोळा घरांची जागा आजच्या संगणकापुढे इतकी क्षुद्र आहे की तिच्यासाठी जोखीम पत्करण्यात अर्थ नाही. तरीही दोन चकवे सांगितले पाहिजेत. पहिला असा की, ‘डिम ए, बी, सी ॲज लाँग’ असे एका दमात लिहिले म्हणजे तिघांनाही लाँगचा दर्जा मिळाला, अशी समजूत होते. वस्तुतः तो एकट्या ‘सी’ला मिळतो आणि ‘ए’ व ‘बी’ बिनवारशी राहतात, त्यांची गोष्ट पुढे येईलच. दुसरा चकवा अधिक सूक्ष्म आहे. दिवसाचे सेकंद काढण्यासाठी 24 गुणिले 60 गुणिले 60 असे लिहून उत्तर लाँगमध्ये ठेवावयास सांगितले, तरी मॅक्रो ओव्हरफ्लो म्हणून अडतो. कारण 24 आणि 60 हे लहान आकडे दिसताच भाषा त्यांना इंटिजर समजते, गुणाकार इंटिजरच्याच मर्यादेत करू पाहते, आणि 86,400 हे उत्तर लाँगच्या दारापर्यंत पोहोचण्यापूर्वीच वाटेत कोसळते. 24 ला लागूनच उजवीकडे ‘अँड’चे चिन्ह (&) जोडले की तो लाँग समजला जातो आणि गुणाकार सुखरूप पार पडतो. ज्याला हे ठाऊक नाही तो उत्तराची जागा तपासत बसतो, आणि दोष असतो प्रश्नात.

मग पिनकोड लाँगमध्ये ठेवावा काय? मावतो खरा, आणि पुष्कळ जण तेथेच थांबतात. माझ्या मते येथे थांबणे हाच खरा प्रमाद होय. मावते की नाही हा दुय्यम प्रश्न आहे. आधी विचारावयाचे ते हे की, या वस्तूचे आपण पुढे करणार काय. पिनकोडाची बेरीज होणार नाही, वजाबाकी होणार नाही. होणार ती पहिल्या तीन आकड्यांवरून छाननी, म्हणजे 560 ने सुरू होणारे सारे बंगळूरचे, एवढे निवडून काढणे. अक्षरांची माळ ठेवणाऱ्या स्ट्रिंग या प्रकारात पिनकोड ठेवला तर डावीकडची तीन अक्षरे ‘लेफ्ट’ या आज्ञेने सहज उचलता येतात आणि वेलणकरांची उतरंड शाबूत राहते. जो न्याय पिनकोडास तोच दूरध्वनीस. बंगळूरचा एसटीडी कोड 080 आहे. त्यास संख्या मानले की आरंभीचे शून्य गळते आणि 80 उरतात. भारतातले भ्रमणध्वनी क्रमांक 6 ते 9 यांपैकी एखाद्या आकड्याने सुरू होणारे दहा आकडी असल्यामुळे ते तर लाँगलाही पेलत नाहीत. आधारचा बारा आकडी क्रमांक साध्या सेलमध्ये, म्हणजे शीटच्या एका चौकटीत, टाकला की एक्सेल तो वैज्ञानिक पद्धतीने, ‘ई+11’ असे शेपूट लावून दाखवते. मूळ आकडे आत शाबूत असतात म्हणून निभावते. बँकेच्या कार्डाचा सोळा आकडी क्रमांक मात्र तितका सुदैवी नाही. एक्सेल पंधरा आकड्यांपलीकडे संख्येचा नेमकेपणा राखत नाही, तेव्हा सोळावा आकडा मुकाट्याने शून्य होतो, आणि तो परत मिळवण्याचा कोणताही उपाय त्या शीटमध्ये उरत नाही.

बंगळूरला या बाबतीत एक खास स्थानिक उपद्रव आहे. येथील महानगरपालिकेने वर्षानुवर्षे मालमत्तेस जो पीआयडी क्रमांक दिला तो प्रभाग, रस्ता आणि भूखंड अशा तीन संख्या आडव्या रेघांनी जोडून होतो. समजा, एखाद्या घराचा क्रमांक 4-12-18 आहे. भारतीय तारखेची रीत लावलेल्या संगणकावर तो हाताने सेलमध्ये टाकला की एक्सेल त्यास 4 डिसेंबर 2018 समजते आणि पोटात 43438 ही संख्या साठवते. तोच क्रमांक मॅक्रोने सेलमध्ये लिहिला तर गंमत आणखी वाढते. कारण मॅक्रोकडून आलेल्या अक्षरांतली तारीख एक्सेल अमेरिकी रीतीने, आधी महिना आणि मग दिवस अशी वाचते, आणि घर 12 एप्रिल 2018 चे होते. व्हेरिएबल स्ट्रिंग असूनही हे घडते, हे विसरू नये. स्ट्रिंग ठेवण्याचे पुण्य सेलच्या उंबरठ्यावर संपते. तेव्हा मॅक्रोत आधी त्या रकान्याचा नंबर फॉरमॅट ‘@’ असा, म्हणजे मजकुराचा, ठरवावा आणि मगच क्रमांक लिहावा. हा क्रम उलटा करून उपयोग नाही. तारीख झालेल्या सेलला मागाहून मजकूर म्हटले तर हाती 43438 येतात, घर येत नाही.

आता पैशाकडे वळू, कारण हिशेबनिसाचे अवधान अखेर तेथेच असते. अपूर्णांक ठेवण्यासाठी डबल हा प्रकार सर्वत्र शिकवला जातो, आणि अंतरे, वजने, तपमाने यांस तो उत्तमच आहे. पण डबल हा दशांश अपूर्णांक दोनच्या घातांत लिहितो, आणि एक दशांश ही साधी राशी दोनच्या घातांत कधीच पुरी लिहिता येत नाही, जशी एक तृतीयांश दशांशात लिहिता येत नाही. परिणामी डबलमध्ये दहा पैसे दहा वेळा मिळवून ‘रुपया झाला काय’ असे मॅक्रोस विचारले तर तो ‘नाही’ म्हणतो. त्याच्या हिशेबी ते रुपयाहून किंचित, सोळाव्या दशांश स्थळी, उणे असतात. पडद्यावर 1 दिसतो, तुलना मात्र फसते, आणि ताळेबंदाची रुजुवात पाहणारा मॅक्रो कोठेही एका पैशाचा फरक नसताना ‘जमा-खर्च जुळत नाही’ असे ओरडत राहतो. यावर उपाय म्हणून व्हीबीएमध्ये करन्सी हा प्रकार मुद्दाम ठेवलेला आहे. तो आतून पूर्णांकच असतो, फक्त दहा हजारांनी भागून वाचावयाचा. त्यामुळे चार दशांश स्थळांपर्यंत तो नेमका राहतो. त्याची मर्यादा सुमारे 922 लाख कोटी आहे. कर्नाटक राज्याचा 2025-26 चा अर्थसंकल्प 4 लाख 9 हजार कोटींच्या घरातला; तसे दोनशे अर्थसंकल्प एका व्हेरिएबलमध्ये ठेवूनही जागा उरेल. गृहसंस्थेच्या देखभाल वर्गणीस इतकी ऐसपैस व्यवस्था पुरावी.

करन्सीनेही न सुटणारा एक गुंता आहे, आणि तो कायद्याशी भिडतो. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या 170 व्या कलमात कराची रक्कम पूर्ण रुपयांत आणण्याची रीत स्पष्ट आहे: पन्नास पैसे किंवा अधिक असतील तर रुपया वाढवावा, कमी असतील तर सोडून द्यावे. कर आला 412 रुपये 50 पैसे. कलमाप्रमाणे झाले 413. व्हीबीएच्या ‘राउंड’ला हेच विचारा, तो 412 सांगेल, आणि 413.50 विचारा, तर 414 सांगेल. ही त्याची चूक नव्हे. बरोबर मधोमध पडलेली राशी जवळच्या सम संख्येकडे ढकलावी, म्हणजे दीर्घ बेरजांत एकाच बाजूस कल राहत नाही, असा एक जुना संख्याशास्त्रीय संकेत आहे आणि व्हीबीए तो पाळते. एवढेच नव्हे, 412.50 ही रक्कम नुसती लाँगमध्ये ठेवू पाहिली तरी हाच संकेत न विचारता लागू होतो. गमतीचा भाग असा की, एक्सेलच्या शीटवरचा ‘राउंड’ मात्र शाळेत शिकवल्याप्रमाणे 413 देतो. एकाच कंपनीच्या एकाच दप्तरातले दोन सख्खे ‘राउंड’ परस्परांशी असहमत असावेत आणि त्यांतला कोणता आपल्या कायद्याच्या बाजूचा, हे कारकुनाने पारखावे, अशी ही स्थिती. उपाय सोपा आहे: मॅक्रोत ‘वर्कशीटफंक्शन’ हे नाव आधी लावून शीटवरचाच ‘राउंड’ बोलवावा.

परंतु टाइपची निवड केवळ भाषेने दिलेल्या नावांतून होत नाही, कधी तो आपल्यालाच घडवावा लागतो, याचा मला ठाऊक असलेला सर्वांत सुंदर दाखला जमिनीचा आहे. महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात त्याला कर्नाटकात पहाणी म्हणतात. बेळगाव-निपाणीकडच्या लोकांस दोन्ही शब्द तोंडपाठ असतात. ‘भूमी’ या योजनेखाली या शतकाच्या आरंभी राज्यातल्या पहाण्या संगणकावर आल्या, आणि आनेकल, होसकोटे, देवनहळ्ळी या बंगळूरच्या वेशीवरच्या तालुक्यांत जमिनीचे व्यवहार वाढले तसे ते उतारे वकिलांच्या, दलालांच्या आणि बिल्डरांच्या एक्सेलमध्येही उतरले. क्षेत्र लिहिण्याची रीत एकर आणि गुंठे. 40 गुंठ्यांचा एकर, 1,089 चौरस फुटांचा गुंठा. 2 एकर 30 गुंठे हे क्षेत्र घाईत 2.30 असे लिहिले जाते, आणि तो टिंब दशांश चिन्हासारखा दिसत असला तरी दशांश चिन्ह नसतो. ते डबलमध्ये ठेवून त्यात 1.20, म्हणजे 1 एकर 20 गुंठे, मिळवले तर उत्तर येते 3.50. तीन एकर पन्नास गुंठे असे क्षेत्र जगात नाही. खरे उत्तर 4 एकर 10 गुंठे आहे. यापेक्षा वाईट ते पुढेच. संख्येला शेवटच्या शून्याशी कर्तव्य नसते, म्हणून 2.30 चे सेलमध्ये 2.3 होते, आणि पुढचा वाचणारा त्यास 2 एकर 3 गुंठे समजतो. मध्ये सत्तावीस गुंठे, म्हणजे 29,403 चौरस फूट, बेपत्ता झालेले असतात. आणि या शहराच्या वेशीवर तेवढ्या जमिनीसाठी भाऊ भावाविरुद्ध दाव्यास उभा राहतो.

येथे लाँग की डबल, असा नुसता पर्याय मांडून भागत नाही. क्षेत्र आत येताना स्ट्रिंग म्हणूनच घ्यावे, म्हणजे शेवटचे शून्य जगते. मग ‘स्प्लिट’ या आज्ञेने टिंबापाशी त्याचे दोन तुकडे करावेत, डाव्या तुकड्यास 40 ने गुणून उजवा त्यात मिळवावा, आणि जे गुंठे येतील ते लाँगमध्ये ठेवावेत: 2.30 चे 110, 1.20 चे 60, बेरीज 170. परत सांगताना 170 ला उलट्या तिरक्या रेघेने (\) 40 ने भागले की अपूर्णांक टाकून 4 एकर मिळतात आणि ‘मॉड’ने बाकी 10 गुंठे. व्यवहाराच्या तळाशी जे सर्वांत लहान अविभाज्य माप असेल त्यात सारे मोजावे आणि मोठी मापे केवळ दाखवण्यापुरती वापरावीत, हीच करन्सीच्या मागची युक्ती आहे. तेथे ती कंपनीने करून ठेवली, येथे आपण करावयाची. ज्या पहाणीत गुंठ्याखाली आणेही लिहिलेले असतात तेथे गुंठ्याचे 16 आणे धरून आण्यांत मोजावे, पद्धती तीच. एकराचा तुकडा सवयीने इंटिजरमध्ये ठेवला तर 819 एकरांपुढे गुणाकार पुन्हा ओव्हरफ्लो होतो, हे जाता जाता सांगून ठेवतो. इनामदारांचे दिवस गेले असले तरी औद्योगिक वसाहतींचे आहेत.

तारखांसाठी डेट हा स्वतंत्र प्रकार आहे आणि तो वापरण्यावाचून गत्यंतर नाही. एक्सेल 1 जानेवारी 1900 हा पहिला दिवस धरून दिवस मोजत जाते. स्वातंत्र्यदिन त्याच्या लेखी 17394वा, पिनकोडाचा आरंभ 26526वा. या गणनेने 16 सप्टेंबर 1989 हा दिवस 32,767वा येतो, म्हणजे त्यापुढची कोणतीही तारीख इंटिजरमध्ये ठेवू गेल्यास पिनकोडासारखीच अडते. 1900 हे लीप वर्ष नसताना एक्सेल त्यास 29 फेब्रुवारी बहाल करते, हा दोष लोटस 1-2-3 या पूर्वसूरीकडून वारशाने आला आणि जुन्या फायली बिघडू नयेत म्हणून जाणूनबुजून पोसला गेला. व्हीबीएच्या डेटमध्ये तो नाही. उलट डेट हा प्रकार सन 100 पासून 9999 पर्यंतचा काळ जाणतो. बंगळूर 1638 च्या सुमारास विजापूरकरांच्या हाती पडून शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्या काळच्या घटनांची शकावली कोणी करू म्हणेल, तर तिच्या तारखा मॅक्रोच्या पोटात डेट म्हणून सुखाने राहतील, वजाबाकी करून दोन घटनांतले दिवसही सांगतील, परंतु शीटवर उतरताना 1900 च्या पूर्वीचा काळ एक्सेलला नामंजूर असल्यामुळे त्यांना मजकुराचा वेष घ्यावा लागेल. त्यातून त्या काळचे इंग्रज कागद जुलियन पंचांगाने चालत आणि व्हीबीए सरसकट ग्रेगोरियन धरते, हा दहा दिवसांचा फेर निराळाच.

राहिला व्हेरिअंट, म्हणजे मघाचे ते बिनवारशी ‘ए’ आणि ‘बी’. ज्याला कोणताही टाइप सांगितलेला नाही तो आपोआप व्हेरिअंट होतो. त्यात संख्या, अक्षरे, तारीख, काहीही राहते आणि आत काय आहे ते आयत्या वेळी ठरते. ही मुभा गोड वाटते. इनपुटबॉक्समधून, म्हणजे माहिती विचारणाऱ्या चौकटीतून, दोन रकमा मागवल्या, एकाने 100 लिहिले, दुसऱ्याने 250. दोन्ही व्हेरिअंटमध्ये घेऊन अधिक चिन्हाने जोडल्या, की उत्तर 350 न येता 100250 येते, कारण इनपुटबॉक्स अक्षरेच देतो आणि अक्षरांत अधिक म्हणजे जोडणे. त्याच रकमा आधी करन्सीत घेतल्या असत्या तर बेरीज बरोबर आली असती, आणि कोणी ‘शंभर’ असे शब्दांत लिहिले असते तर मॅक्रो तेथेच अडून त्याने तक्रार केली असती. तरीही व्हेरिअंटला सरसकट बाद ठरवणारे शुद्धिवादी मला मान्य नाहीत. पन्नास हजार ओळी एकेक सेल करून वाचणे अतिशय मंद असते. तोच सारा पट्टा एका झटक्यात स्मृतीत उचलावयाचा तर व्हेरिअंटच लागतो, आणि मिनिटांचे काम सेकंदांवर येते. सेल रिकामा आहे की त्यात शून्य आहे, की ‘एन/ए’सारखी त्रुटी आहे, हे ओळखण्यासही तोच हवा. आत आल्यावर मात्र प्रत्येक राशीस तिच्या खऱ्या टाइपच्या व्हेरिएबलमध्ये रवाना करावे.

नकळत जन्मास येणाऱ्या व्हेरिअंटांवर एक फार जुना बंदोबस्त आहे. मॉड्यूलच्या, म्हणजे मॅक्रो ज्या पानावर लिहितात त्याच्या, शिरोभागी ‘ऑप्शन एक्सप्लिसिट’ हे दोन शब्द लिहिले की न सांगितलेले कोणतेही नाव भाषा स्वीकारत नाही. ‘टोटल’ऐवजी घाईत ‘टोटाल’ टाइप झाले तर नवे रिकामे व्हेरिएबल निर्माण होऊन बेरीज शून्य येण्याऐवजी मॅक्रो सुरू होण्यापूर्वीच ती चूक पकडली जाते. एडिटरच्या टूल्स मेनूत ऑप्शन्समध्ये ‘रिक्वायर व्हेरिएबल डिक्लरेशन’ यापुढे खूण केली म्हणजे हे दोन शब्द प्रत्येक नव्या मॉड्यूलमध्ये आपोआप उमटतात. आधीच्या कारकुनाने मागे ठेवलेल्या मॉड्यूलांत मात्र ते हातानेच लिहावे लागतात, आणि लिहिल्यावर ‘डीबग’ मेनूतला ‘कंपाइल’ दाबला की पहिल्या पाच मिनिटांत काय काय बाहेर येते, ते पाहण्यासाठी दुपारचा थोडा निवांत वेळ राखून ठेवावा.